तेल वाढलं कसं?

धुऱ्यावर बसून दादा आकडे मोजायचे. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. तासाच्या टोकाला येऊन मी लिफ्टची दांडी वर ओढली की तिकडं त्यांचं सुरू व्हायचं, एक, दोन, तीन. 1995 साली ट्रॅक्टर घरी आला तेव्हापासूनची ही सवय. तेव्हा स्टेअरिंगवर दादा असायचे आणि मोजायला धाकटे भाऊ, म्हणजे आमचे तात्या. नव्या ट्रॅक्टरला तीन म्हणेपर्यंत पेरणीयंत्र पूर्ण वर असायचं. पुढं ते चार झालं. चारावर ते इतकी वर्षं टिकलं की आम्हाला चार म्हणजेच बरोबर वाटायला लागलं.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग कोरडा गेला. आर्द्रा लागल्यावर तीन दिवस पाऊस झाला, मग उघडीप आणि चांगला वापसा. शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय सोयाबीन पेरू नका म्हणून कृषी खातं सांगत होतं, तेवढा झालेला. गावात एकच धांदल. आमच्या औसा तालुक्याची जमीन काळी. ओली असली की पाय रुततो, वाळली की भेगाळते. पेरायला जमते ते मधले चार-पाच दिवस. पहिल्याच दिवशी पाच-सहा फेऱ्या झाल्या असतील, दादांनी हात वर करून मला थांबवलं.

"अकरा झाले," ते म्हणाले.

"अकरा काय?"

"उचलायला. कान फुटले का तुझे? ऐकू येईना व्हय ते कण्हतंय ते?"

इंजिनच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नव्हतं. खरं सांगायचं तर हळू उचलतंय हे गेल्या हंगामापासून जाणवत होतं, पण रब्बीत काम थोडं होतं, तेव्हा निभावलं.

शहरातला माणूस विचारील, चाराचे अकरा झाले म्हणून काय बिघडलं? एका एकराला तीसेक वेळा वळावं लागतं. दर वेळी सात-आठ सेकंद जास्त, म्हणजे एकरामागं चार मिनिटं. एवढ्यानं कुणी भिकेला लागत नाही. पण वळताना चालवणारा थांबत नाही. हात सवयीनं स्टेअरिंग फिरवतो, यंत्र अजून अर्ध्यात असतं, फण जमिनीत आडवे ओढले जातात. एखादा वाकतो. बी धुऱ्यावर ढिगानं सांडतं, आणि तीस किलोची बॅग घेताना काय हाल झालेले असतात ते ज्याचं त्याला माहीत. शिवाय जे आज अकराला उचलतंय ते परवा उचलणारच नाही, ही भीती वेगळी. पेरणी निम्म्यात असताना लिफ्ट बसली तर ट्रॅक्टर नुसता गाडी ओढायच्या कामाचा.

त्यात ती पेरणी एकट्या आमची नव्हती. 2016 साली वाटणी झाली. रानं निम्मी-निम्मी झाली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, घराच्या मधून भिंत गेली. ट्रॅक्टर कापता येत नाही. त्याची किंमत धरून निम्मे पैसे आम्ही तात्यांना दिले आणि तो आमच्याकडं ठेवला. शेड मात्र तात्यांच्या बाजूला गेलं. 1993 च्या भूकंपानंतर तात्पुरत्या निवाऱ्याला मिळालेले पत्रे पक्कं घर झाल्यावर दादा-तात्यांनी जपून ठेवले होते, त्या पत्र्यांचं ते शेड. तात्यांचं रान आम्हीच भाड्यानं पेरून द्यायचो. म्हणजे लिफ्ट आमची बसली तरी पेरणी दोघांची अडणार होती.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगून टाकतो. आदल्या उन्हाळ्यात तात्यांच्या पोरानं आठ दिवस ट्रॅक्टर नेला होता, पाळी घालायला. त्यानंच मागच्या पेटीत कुठलं तरी हलकं ऑइल ओतलं असणार. मी तसं बोलूनही दाखवलं, आणि ते तासाभरात भिंतीपलीकडं पोचलं. पोरगं तणतणत आलं. "मी एक थेंब ओतला असला तर हात झडतील," म्हणालं. मी म्हणालो, "मग ते आपोआप बिघडलं का?" पुढचं लिहिण्यासारखं नाही.

दुपारी ट्रॅक्टर तालुक्याच्या एका गॅरेजात नेला. तिथल्या माणसानं खाली न उतरता, गादीवर बसूनच दांडी दोनदा वर-खाली केली आणि निदान सांगितलं: पंप गेला. पंप, ऑइल, मजुरी धरून बावीस हजार. चार दिवस ठेवा. चार दिवसांत वापसा जाणार होता. मी ट्रॅक्टर तसाच परत आणला.

संध्याकाळी दादांनी त्यांच्या जुन्या मिस्त्रीला निरोप धाडला. म्हातारा माणूस. गॅरेज पोरांच्या ताब्यात देऊन घरी बसलेला. लुनावर आला, पिशवीत चार पाने आणि एक बॅटरी. ट्रॅक्टरला हात लावायच्या आधी बाजेवर बसून त्यानं मला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"सकाळी गार असताना जड उचलतो का तापल्यावर?"

मी म्हणालो, "दोन्ही वेळेला जडच. सकाळी जास्त."

"रेस दिल्यावर लवकर येतो?"

मला सांगता येईना. हे कधी बघितलंच नव्हतं.

"उचलून बंद केल्यावर खाली बसतो? चालू असताना वरच्या वर मान हलवतो का, बैलासारखी?"

तेही मी पाहिलेलं नव्हतं. दादा म्हणाले, "मान हलवत न्हाई. मी रोज बघतोय."

हे प्रश्न त्या दिवशी मला वेळकाढूपणा वाटले. आता कुणाची लिफ्ट बिघडली की मी हेच विचारतो. मिस्त्रीनं नंतर त्याचा उलगडा केला, तो माझ्या शब्दांत सांगतो.

आमच्या ट्रॅक्टरच्या जातीत गिअर, मागचा डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक, सगळ्यांना मिळून एकच ऑइल. तीसेक लिटर. त्या ऑइलमध्येच पंप बुडालेला असतो. तो पीटीओच्या शाफ्टवर फिरतो, म्हणून पीटीओची दांडी न्यूट्रलला असली की लिफ्ट हलतच नाही. (नवा ड्रायव्हर ठेवला की पहिल्या आठवड्यात एक फोन याचा येतोच, "मालक, हायड्रॉलिक गेलं!") पंप जाळीतून ऑइल ओढतो आणि सिलिंडरमध्ये दाबतो. डॉक्टरच्या पिचकारीचा दट्ट्या असतो तसा आत एक पिस्टन आहे, तो ढकलला गेला की वरचे हात उचलतात, आणि त्यांच्याबरोबर अवजार. एवढंच यंत्र. म्हणजे हळू उचलण्याची कारणं दोनच घरांत सापडणार. एक तर पंपाला ऑइल पुरेसं मिळत नाही, नाही तर मिळालेलं ऑइल वाटेत कुठं तरी गळतंय.

गळत असेल तर ऑइल तापून पातळ झाल्यावर दुखणं वाढतं, कारण पातळ तेल फटीतून लवकर पळतं. रेस वाढवली की मात्र फरक पडतो. जेवढं गळतं तेवढंच गळतं, पंप जास्त ढकलतो, लिफ्ट येते. इंजिन बंद केल्यावर अवजार हळूहळू खाली बसतं. चालू असलं की पंप ते पुन्हा वर घेतो, पुन्हा ते उतरतं, ती बैलाची मान. आणि पंपाचाच घसा कोंडला असेल तर सगळं उलटं. गार असताना जास्त जड. रेस देऊन उपयोग नाही, नुसता कण्हण्याचा आवाज वाढतो. उचललेलं अवजार मात्र जागच्या जागी राहतं.

चहा ठेवायला सांगून मिस्त्रीनं पेरणीयंत्र पूर्ण वर उचलायला लावलं, इंजिन बंद केलं, आणि फणाच्या टोकाच्या उंचीला चाकाच्या टायरवर खडूची रेघ मारली. माझ्या पोराला हाताला धरून लांब बसवलं. "वर टांगलेल्या लोखंडाखाली देवालासुदिक जाऊ देऊ नये," म्हणाला. चहा झाला, तंबाखू झाली, अर्धा तास गेला. फण रेघेखाली दोन बोटंसुद्धा आला नव्हता.

"सिलिंडर बरा हाय," तो म्हणाला. "आता रेस दे."

दिली. मोजायला दादा होतेच. मंद रेसला अकरा, मोठ्या रेसला दहा. आणि तो आवाज. एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदाच ऐकू आला. रिकाम्या भांड्याच्या तळाशी गुळण्या केल्यासारखा.

"ऑइल कमी असंल," मी म्हणालो. मिस्त्री काही बोलला नाही. त्यानं डिपस्टिक काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि बॅटरी मारून माझ्यापुढं धरली. ऑइल कमी नव्हतं. वरच्या रेघेच्याही दोन बोटं वर होतं.

"कवा ओतलं?"

"न्हाई ओतलं."

"कुणीच न्हाई?"

भिंतीपलीकडं तात्यांचं पोरगं उभं होतं. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं मान हलवली. मिस्त्री म्हणाला, "मग वाढलं कसं? तेल काय वितंय व्हय?"

डिपस्टिकवरचं ऑइल त्यानं बोटावर घेतलं. ते मधासारखं दिसायला हवं होतं. दिसत होतं दूध जास्त पडलेल्या चहासारखं. मग त्यानं आईला हाक मारून तवा तापवायला सांगितला. आई म्हणाली, "माझ्या तव्यावर तुमचं वंगण?" शेवटी गोठ्यात पडलेला एक फुटका तवा चुलीवर चढला. मिस्त्रीनं लांब उभं राहून त्यावर डिपस्टिकचे चार थेंब टाकले. मोहरी तडतडावी तसं तडतड उडालं. नुसतं तेल धूर करतं, तडतडत नाही. तडतडतं ते पाणी. फोडणीत ओला कढीलिंब टाकल्यावर काय होतं हे आईला सांगायला नको होतं. तिनंच पहिल्यांदा म्हटलं, "पानी हाय की ह्यात."

त्या रात्री त्यानं ट्रॅक्टर चालू करू दिला नाही. पाणी जड, ते रात्रीतून जमेल तेवढं तळाशी बसू दे म्हणाला. सकाळी सहाला खालचा नट सोडला तेव्हा पाटीत पहिलं पडलं ते ऑइल नव्हतंच. स्वच्छ पाणी. तांब्याभर तरी असेल. मग गढूळ, मग तो चहा. झाकण उघडून पंपाच्या तोंडाची जाळी बाहेर काढली तर ती जाळी आहे हेच कळत नव्हतं. काळ्या लोण्यासारखा लगदा तिच्यावर लिंपलेला, त्यात लोखंडाची चमक. पंप बिचारा एवढ्या फडक्यातून श्वास घेत होता. मिस्त्रीनं जाळी डिझेलमध्ये धुतली, वर उन्हाला धरली, आणि मला विचारलं, "पानी वरून आलंय. कुठून?"

मला ठाऊक होतं. आदल्या रात्रीच तवा तडतडला तेव्हा ठाऊक झालं होतं, फक्त तोंडातून निघत नव्हतं. गिअरच्या दांडीच्या बुडाला रबराचं एक टोपरं असतं. ते दोन वर्षांपासून फाटलेलं होतं. रोज दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ते मला दिसायचं. दीडशे रुपयांची वस्तू. तालुक्याला गेलो की आणायची आठवण राहायची नाही, म्हणून मी त्यावर दुकानातली कॅरीबॅग गुंडाळून सुतळी बांधली होती. ती उन्हानं कधीच विरून गेली होती. ट्रॅक्टर पावसात उभा राहिला की दांडीवरून ओघळलेलं पाणी त्या भोकातून सरळ पेटीत. वर मी पाण्याचा पाईप लावून धूतही होतो.

आणि तो पावसात उभा का, तर शेड भिंतीपलीकडं. वाटणीच्या दिवशी दादा आणि तात्या या दोघांत बोलणं झालं होतं, की शेड तात्यांचं असलं तरी पावसाळ्यात ट्रॅक्टर तिथंच राहील. कागदावर नव्हतं. पहिला पावसाळा तसा गेलाही. दुसऱ्या वर्षी तात्यांनी दोन म्हशी घेतल्या, शेडाचा गोठा झाला. त्यांनी ट्रॅक्टर काढा म्हटलं नाही आणि आम्ही का काढायचा म्हणून विचारलं नाही. एक दिवस मीच रागानं बाहेर आणून लिंबाखाली लावला.

पुढं एकदा वाचनात आलं ते इथं सांगण्यासारखं आहे. अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकवर पेलायची ही रीत रुळवली ती हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागं नुसता ओढत न्यायचे. फाळ खडकाला अडकला की ट्रॅक्टरचं तोंड घोड्यासारखं वर उठायचं आणि तो चालकावर उलटायचा. आमचा ट्रॅक्टर याच फर्ग्युसनच्या वंशावळीतला. 1938 साली त्यानं अमेरिकेत हेन्री फोर्डशी भागीदारी केली ती नुसत्या हातात हात देऊन, कागद न करता. दुसऱ्या वर्षी त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला, लाखांनी खपला. फोर्डच्या नातवाच्या हातात कारभार आल्यावर तो तोंडी करार मोडला, कोर्टबाजी झाली, आणि 1952 साली फर्ग्युसनला 92 लाख 50 हजार डॉलर घेऊन तडजोड करावी लागली. हे मी दादांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपलं बावीस हजारातच भागलं असतं."

पण ते नंतरचं. त्या सकाळी माझ्यापुढं प्रश्न ऑइलचा होता. मिस्त्रीचं म्हणणं, एकदा नवं ऑइल भरायचं, अर्धा दिवस ट्रॅक्टर फिरवायचा, कानाकोपऱ्यातलं पाणी त्यात उतरू द्यायचं, ते ओतून द्यायचं आणि पुन्हा नवं भरायचं. तीस आणि तीस साठ लिटर, वीस लिटरचे तीन डबे. बियाणं-खताला उधारी झालेली, माझ्याजवळ एका डब्याचे पैसे होते. काढलेलंच ऑइल निवळून वापरू का, असं मी विचारलं. मिस्त्री हसला. "ताकातलं पानी काढून दूध करतोस का?"

मी पैसे बघायला घरात गेलो होतो. बाहेर आलो तर तात्या आमच्या अंगणात, उघडलेल्या पेटीपाशी उकिडवे बसलेले. वाटणीनंतर ते सणाला सोडून या बाजूला आले नव्हते. फाटक्या टोपऱ्यातून त्यांनी करंगळी आत घातली, बाहेर काढली, धोतराला पुसली. मला वाटलं आता पोरावर घेतलेल्या आळाची भरपाई होणार. ते दादांना म्हणाले, "चाराला उचलत होता की रं ह्यो."

"तीनाला," दादा म्हणाले. "चारावर नंतर आला."

त्यावर दोघांचा वाद झाला. नवा असताना तीन का चार, आणि ते पेरणीयंत्राला का मोगड्याला. मिस्त्रीही त्यात पडला. मी मध्ये उभा. तेवढ्यात तात्यांचं पोरगं गाडी काढून तालुक्याला गेलं होतं, ते दोन डबे आणि रबराचं टोपरं घेऊन आलं. पैशाचं कुणी काढलं नाही. मी मात्र त्याला आदल्या दिवशीच्या बोलण्याबद्दल काही म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. अजून राहिलंच आहे.

पहिलं ऑइल भरून मी अर्धा दिवस तात्यांच्या रानात पेरणी केली, त्यांचं रान आधी. संध्याकाळी ते ऑइल काढलं तर पुन्हा फिकट चहा, पण पहिल्यापेक्षा बरा. दुसरं भरलं. टोपरं बसवलं. दादा धुऱ्यावर, तात्या त्यांच्या शेजारी. दांडी ओढली. दोघांचे ओठ हलले. पाच. चारावर ते काही परत आलं नाही. मिस्त्री म्हणाला, पंपही म्हातारा झालाय, पाण्यानं त्याला खाल्लंय थोडं, पण एवढ्यात मरत नाही. पेरणी दोन्हीकडची झाली. शेवटचे दोन एकर वापसा सरल्यावर पेरले, ते विरळ उगवलं.

त्या पावसाळ्यात ट्रॅक्टर शेडात राहिला. म्हशी एका बाजूला, तो एका बाजूला. दिवाळीला सोयाबीनची पोती आली, तेव्हा पुन्हा बाहेर. पुढच्या वर्षी तात्यांनी मृगाच्या आधी निम्मं शेड मोकळं केलं, त्याच्या पुढच्या वर्षी नाही केलं. आता गिअरच्या दांडीवर टोपरं आहेच, आणि उभा करताना वर बूड कापलेला तेलाचा पाच लिटरचा कॅन उपडा घालतो. बघणारे हसतात. दर पावसाळ्यानंतर खालचा नट सोडून पेलाभर ऑइल काढतो आणि त्या फुटक्या तव्यावर चार थेंब टाकतो. आई आता विचारत नाही, तवा चुलीवर ठेवूनच हाक मारते.

दादा गेल्याला तीन वर्षं झाली. तात्यांना धुऱ्यापर्यंत चालवत नाही. परवा रोटाव्हेटर उचलताना मी स्वतःच मोजलं, सात झाले. पण ऑइल तापलेलं होतं आणि रेस कमी होती. उद्या सकाळी गार असताना पुन्हा मोजायचं आहे, आणि टायरवर खडूची रेघ मारून ठेवायची आहे.